कुरळ्या केसांचं लीव्ह-इन: आधी पाणी बघा, मग हवा, मग बाटली

कुरळ्या केसांसाठी लीव्ह-इन, म्हणजे न्हाल्यावर लावून न धुता तसंच ठेवायचं, क्रीम किंवा जेल घ्यायचं ठरलं असेल, तर दुकानात जाण्याआधी घरातला पाणी तापवायचा रॉड एकदा हातात घेऊन बघा. त्यावर पांढरा खरखरीत थर आहे का? बादलीच्या आतल्या कडेला रेघ उमटली आहे का? नळाच्या तोटीवर खपल्या धरल्या आहेत का? तसं असेल तर तेच पाणी दर आठवड्याला तुमच्या केसांवरून जातं आणि तोच थर थोडाथोडा केसांवरही बसतो. त्यावर कितीही महागाची बाटली ओतली तरी आतल्या केसाला तिचा फारसा उपयोग होत नाही.

खान्देशात, अमळनेरला माझं मेडिकल आहे. शिक्षण फार्मसीचं, आणि केस जन्मापासून दाट, कुरळे. त्यामुळे गोळ्या-औषधं घ्यायला आलेल्या बाया बिल झाल्यावर हळूच विचारतात, "पोरना केसस्ले काय लावू व ताई?" मोबाईलवर एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो, त्यातल्या बाटलीचा फोटो दाखवतात. व्हिडिओतली मुलगी मुंबईची असते, बंगळुरूची असते, कधी अमेरिकेतली. तिचं पाणी वेगळं, तिची हवा वेगळी. वैशाखात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हाची कोरडी हवा तिच्या केसांना ठाऊकच नाही. म्हणून निवडायचा क्रम मी असा सांगते: आधी पाणी, मग हवा, मग केसाची जाडी, आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी.

पाण्याचं बघू

शाळेत आपण 'दुष्फेन' पाणी शिकलो, घरी त्याला जड पाणी किंवा क्षाराचं पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि मधल्या दिवसांत बोअरवर भागवावं लागतं. नळाच्या पाण्याने न्हाल्यावर केस बरे आणि बोअरच्या पाण्याने न्हाल्यावर राठ, हे तुमच्या लक्षात आलं असेल तर तो भास नाही. पुण्याला शिकायला गेलेल्या मुली सुट्टीत घरी आल्या की म्हणतात, तिथे केस मऊ राहतात आणि इथे आठवड्यात बिघडतात. तिथलं पाणी बहुतेक धरणाचं, म्हणून हलकं.

घरच्या घरी तपासायचं असेल तर एका बाटलीत अर्धी बाटली नळाचं किंवा बोअरचं पाणी घ्या, दुसरीत तेवढंच आरओ फिल्टरचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून जोरात हलवा. शाम्पू किंवा कपड्यांची पावडर वापरू नका, त्यांचा फेस जड पाण्यातही होतो. जड पाण्यात फेस नीट धरत नाही आणि पांढरा साका तरंगतो. आकडाच हवा असेल तर पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हातातल्या छोट्या टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे कठीणता नव्हे. त्यात मीठही मोजलं जातं.

आमचं अमळनेर तसं तेल-साबणाचं गाव. आज जगभर संगणकाच्या कामासाठी ओळखली जाणारी विप्रो १९४५ साली इथेच वनस्पती तेलाच्या धंद्यातून सुरू झाली, आणि कपड्यांचा साबणही इथे बनायचा. साबण आणि जड पाणी यांचं जमत नाही हे इथल्या जुन्या बायांना कोणी शिकवावं लागलं नाही. डोक्याला अंगाचा साबण लावायची सवय अजून काही घरांत आहे, ती मात्र कुरळ्या केसांसाठी तरी सोडा. साबण आणि कॅल्शियम मिळून जो साका होतो, तो केसांतून सहज निघत नाही.

यावर उपाय काय? तुरटी फिरवली की गढूळ पाणी निवळतं, पण क्षार जात नाहीत. उकळून काही क्षार खाली बसतात, सगळे नाही. परवडणारा उपाय म्हणजे शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा. सगळं न्हाणं नेहमीच्या पाण्याने करा, कंडिशनर धुऊन टाका, आणि शेवटी एक-दोन तांबे आरओचं पाणी केसांच्या टोकांवरून सोडा. त्याशिवाय महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू वापरा. बाटलीवर 'कीलेटिंग' किंवा 'हार्ड वॉटर' असं लिहिलेलं असतं आणि घटकांत डायसोडियम ईडीटीए, टेट्रासोडियम ईडीटीए, सायट्रिक अ‍ॅसिड किंवा फायटिक अ‍ॅसिड दिसतं. ईडीटीए पुष्कळशा साध्या शाम्पूंतही नावाला असतं, तेवढ्याने काम होत नाही. बाटली त्याच कामासाठी बनवलेली हवी. नवं लीव्ह-इन पहिल्यांदा लावायचं त्या दिवशी असा शाम्पू झालेला असू द्या, नाहीतर दोष पाण्याचा असतो आणि नाव क्रीमचं खराब होतं.

लीव्ह-इन नेमकं करतं काय

टाळूतून निघणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं. कुरळ्या केसाला प्रत्येक वळणावर ते अडतं, म्हणून मुळाशी केस तेलकट आणि टोकं कोरडी असं एकाच डोक्यावर दिसतं. वळणाच्या जागी केसाचे खवले थोडे उचललेले असतात, तिथून ओलावाही लवकर जातो आणि केस तुटतोही तिथेच. धुताना लावून काढून टाकायचा कंडिशनर गुंता सोडवतो. लीव्ह-इन त्याच्या पुढचं काम करतं. पुढच्या न्हाण्यापर्यंत ते केसांवर राहतं, घर्षण कमी करतं आणि वळणाला धरून ठेवतं.

बाजारात याचे प्रकार पुष्कळ दिसतात. पातळ स्प्रे किंवा दूध, घट्ट क्रीम, जेल, आणि तेलासारखं सीरम. पहिले दोन ओलावा आणि मऊपणा देतात, जेल वळण धरून ठेवतं, सीरम वरून चकाकी देतं आणि घर्षण कमी करतं. फक्त सीरम लावून कोरडेपणा जाईल ही अपेक्षा चुकीची, त्यात बहुधा पाणीच नसतं. आणि चारही घ्यायची गरज मुळीच नाही. बहुतेकींचं एक क्रीम किंवा दूध आणि एक जेल यात भागतं.

आपला केस ओळखा

अमेरिकन केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात केसांची आकडे-अक्षरांची वर्गवारी केली, २ए, ३बी वगैरे. हल्ली मुली त्यावरून बाटली निवडतात. वळण किती घट्ट आहे एवढंच त्यातून कळतं. लीव्ह-इन निवडायला त्याहून उपयोगी आहे एका केसाची जाडी. गळलेला एक केस अंगठा आणि तर्जनी यांत धरून फिरवा. धाग्यासारखा स्पष्ट जाणवला तर केस जाड, जेमतेम जाणवला किंवा जाणवलाच नाही तर बारीक. डोक्यावर केस किती दाट आहेत हा वेगळा मुद्दा. दाट पण बारीक केस आपल्याकडे खूप मुलींचे असतात, आणि त्यांनाच जड क्रीम दिलं जातं. मग केस लटकतात, चिपचिपतात, आणि मुलगी म्हणते, मला काही सोसत नाही.

बारीक केसाला दूध किंवा स्प्रे आणि वर हलकं जेल. जाड केसाला क्रीम. रंगवलेल्या, सरळ करून घेतलेल्या किंवा वर्षानुवर्षं गरम मशीन फिरवलेल्या केसाला क्रीमबरोबर थोडं प्रोटीनही मानवतं.

केस पाण्याच्या ग्लासात टाकून तो बुडतो की तरंगतो ते बघायला सांगतात, त्यावर वेळ घालवू नका. तेलाचा अंश असला तरी केस तरंगतो, हवेचा बुडबुडा चिकटला तरी तरंगतो. त्यापेक्षा न्हाल्यावर केस किती वेळात वाळतात ते बघा, आणि तेही एकाच ऋतूत. पाणी केसावर थेंबाथेंबाने उभं राहतं आणि वाळायला बराच वेळ लागतो, असा केस पाणी सहज आत घेत नाही. त्याला हलकं लीव्ह-इन भरपूर ओल्या केसांवर लावा. चटकन भिजणारा आणि चटकन वाळणारा केस ओलावा टिकवू शकत नाही, त्याला क्रीम लागतंच.

बाटलीची मागची बाजू

पुढच्या बाजूला नारळ, मध, आर्गन यांची चित्रं असतात. बाटली उलटी करा. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, जास्त आहे ते आधी. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही मांडता येतात. इथे एक खूण उपयोगी पडते. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे बाटलीतला माल खराब होऊ न देणारं द्रव्य, जास्तीत जास्त १ टक्का वापरता येतं. यादीत त्याच्या नंतर जे काही आलं ते १ टक्का किंवा त्याहून कमी आहे असं धरून चाला. पुढे मोठ्या अक्षरांत 'आर्गन ऑइल' आणि मागे ते फिनॉक्सीइथेनॉलच्याही खाली असेल, तर त्या तेलासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

चांगल्या लीव्ह-इनमध्ये पहिलं पाणी असतं. त्यानंतर पहिल्या पाच-सहा नावांत सिटाइल, सिटिअरिल किंवा स्टिअरिल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नका. ही मेणासारखी मऊ करणारी द्रव्यं आहेत, नावात अल्कोहोल असलं तरी केस कोरडे करत नाहीत. कोरडं करणारं म्हणजे अल्कोहोल डिनॅट किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल. जेल आणि स्प्रेमध्ये ते वरच्या नावांत दिसलं तर निदान उन्हाळ्यात तरी ती बाटली परत ठेवा.

बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियमने सुरू होणारी नावं म्हणजे खरं कंडिशनिंग. केसाच्या झिजलेल्या जागेवर ऋण भार जास्त असतो, ही द्रव्यं धन भाराची, म्हणून जिथे गरज तिथेच ती चिकटतात. लीव्ह-इन म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत यांतलं एकही नाव नसेल, तर ते बहुधा सुगंधी पाणी आणि तेल आहे.

ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, मध, कोरफड, पॅन्थेनॉल ही ओलावा ओढणारी मंडळी. त्यांतलं ग्लिसरीन यादीत कितव्या जागी आहे ते खान्देशात नक्की बघा, का ते पुढे सांगते.

सिलिकोन म्हणजे डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन. त्यांच्याबद्दल विनाकारण भीती पसरली आहे. ती विषारी नाहीत, केसावर पातळ थर धरून घर्षण कमी करतात, आणि फार गुंता होणाऱ्या मुलीला त्यांनी खरोखर आराम पडतो. अडचण एवढीच की डायमेथिकोन अगदी सौम्य शाम्पूने पूर्ण निघत नाही. जड पाण्याचा थर आणि त्यावर सिलिकोनचा थर असं होऊ लागलं की केस निर्जीव दिसतात. महिन्याच्या त्या क्षार काढणाऱ्या न्हाण्यात हेही निघून जातं. ते न्हाणं होत असेल तर सिलिकोन खुशाल वापरा.

प्रोटीनचं नाव 'हायड्रोलाइज्ड' शब्दाने सुरू होतं, गहू, रेशीम किंवा केराटिन. मऊ पडलेल्या, वळण न धरणाऱ्या केसाला ते उभारी देतं. केस आधीच राठ आणि ताठर असतील तर प्रोटीनची बाटली सध्या नको.

जेलमध्ये पीव्हीपी किंवा पॉलिक्वाटर्नियम अशी नावं येतात. हीच वळणाभोवती पातळ पापुद्रा तयार करून ते धरून ठेवतात. पावसाळ्यात ती हवीतच.

'नॅचरल', 'हर्बल', 'केमिकल फ्री' हे शब्द वाचून निर्णय करू नका. पाणी असलेल्या बाटलीत परिरक्षक नसेल तर तिच्यात बुरशी वाढते. बाटलीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत आहे का ते मात्र आवर्जून पाहा. बाजारात सुट्या डब्यांतून विकलं जाणारं बिननावाचं जेल घेऊ नका.

ऋतू बदलला की बाटली बदला

हे मला सगळ्यात आग्रहाने सांगायचं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली झोक्यावर बसतात तेव्हा हवा भट्टीची असते, आणि श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा भिंतींना ओल असते. दोन्ही वेळी एकच क्रीम कसं चालेल?

ग्लिसरीन आजूबाजूच्या हवेतून पाणी ओढतं. हवेत पाणी बेताचं असेल तर ते छान काम करतं. मार्च ते मे आपल्याकडे दुपारची हवा इतकी कोरडी असते की ग्लिसरीन जास्त असलेलं लीव्ह-इन केसातलाच ओलावा बाहेर काढतं, आणि संध्याकाळपर्यंत केस पिंजल्यासारखे होतात. म्हणून उन्हाळ्यात ग्लिसरीन यादीत खाली असलेलं किंवा अजिबात नसलेलं क्रीम घ्या आणि वरून खोबरेलचे किंवा बदाम तेलाचे दोन थेंब टोकांना लावा. कूलरच्या खोलीत दिवस काढणाऱ्या बाईला थोडं ग्लिसरीन चालून जातं, तिथली हवा दमट असते. कॉलेज, शेत, बँक, बाजार असं उन्हात फिरणाऱ्या मुलीला ते चालत नाही. एकाच घरात आईला मानवलेली बाटली लेकीला मानवत नाही, त्यामागे कित्येकदा एवढंच कारण असतं.

उन्हाने केसातलं प्रोटीनही झिजतं. स्कूटीवर स्कार्फ बांधताच, तर सुती स्कार्फच्या आतून डोक्याला एखादा गुळगुळीत सॅटिनचा तुकडा लावा. सुती कापड केसांवर घासत राहतं आणि सकाळी लावलेलं लीव्ह-इन टिपूनही घेतं.

मृग लागला की उलटं होतं. हवेत भरपूर पाणी, ग्लिसरीन ते ओढतं, केस फुगतो आणि वळण सुटतं. जून ते सप्टेंबर क्रीम निम्मं करा आणि जेल वाढवा. पापुद्रा धरणारं जेल, किंवा जेलनंतर सिलिकोनच्या सीरमचा एक थेंब. कोरफडीचं जेल एकटं या दिवसांत पुरत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला हवा मधली असते. ग्लिसरीन, मध असलेलं जे काही घरात पडून असेल ते तेव्हा वापरून टाका. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चांगली थंडी आणि कोरडेपणा, तेव्हा पुन्हा उन्हाळ्याचंच क्रीम, फक्त तेल थोडं जास्त.

जवसाचं जेल

विकतचं जेल परवडत नसेल किंवा मिळत नसेल, तर स्वयंपाकघरातला जवस घ्या. आपल्याकडे चटणीला तो घरोघरी असतो. चटणीसाठी भाजून ठेवलेला नको, कच्चा घ्या, आणि अख्खाच. पूड केली तर तेल सुटतं आणि केसांत कण राहतात.

पाव वाटी जवस, दोन वाट्या फिल्टरचं पाणी. मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा, नाहीतर बिया तळाशी चिकटतात. सात-आठ मिनिटांत पाणी दाटायला लागतं. पळी वर उचलल्यावर एकतारी पाकासारखी तार लोंबली की लगेच गॅस बंद. तारेच्या पुढे गेलं तर ते गाळताच येत नाही. गरम असतानाच जुन्या पातळ सुती कापडातून किंवा स्वच्छ नायलॉनच्या मोज्यातून गाळा, चिमट्याने दाबत, हात सांभाळून. थंड झालं की ते बियांना सोडत नाही. उरलेला जवस गुरांच्या पाटीत टाकता येतो.

या बुळबुळीत द्रवातली बहुशर्करा केसाभोवती पातळ थर धरते. पकड मध्यम असते, पण केस मऊ राहतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला किंवा पाणी सुटलं की टाकून द्या. उन्हाळ्यात वीज वारंवार जात असेल तर एका न्हाण्यापुरतंच करा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून लागेल तेवढे तुकडे काढा. दसऱ्यानंतरच्या दिवसांत यात अर्धा चमचा ग्लिसरीन घालता येतं. बाहेर ठेवून टिकावं म्हणून लिंबू, कापूर, सुगंधी तेल असं काही घालू नका. त्याने ते टिकत नाही, टाळूला मात्र खाज सुटू शकते.

खोबरेल, केळी, कोरफड

खोबरेल केसांना चांगलं, हे आजीचं म्हणणं बरोबर आहे. रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना प्रसिद्ध केली. तिघांत केसातल्या प्रोटीनची झीज खोबरेलाने कमी झाली, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. न्हाण्याआधी तास-दोन तास किंवा रात्री ते केसांच्या लांबीला लावा, तिथे त्याला तोड नाही. न्हाल्यानंतर लीव्ह-इन म्हणून मात्र थेंब-दोन थेंबच, आणि क्रीमच्या वरून. तेलात पाणी नसतं, कोरड्या केसावर नुसतं तेल चोपडलं की केस तेलकट होतो, ओला होत नाही.

रावेर-यावलची केळी खाण्यासाठी ठेवा. कुस्करलेल्या केळ्याचे कण कुरळ्या केसांतून काढता काढता जेवढे केस तुटतात, तेवढा त्याचा फायदा नाही. अंगणातली कोरफड लावायची तर पात कापून उभी ठेवा आणि पिवळा चीक निथळू द्या. तो चीक त्वचेला झोंबतो. गर मिक्सरमधून काढून गाळा आणि त्याच दिवशी वापरा.

लावायचं कसं

न्हाताना कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता काढा. कोरड्या कुरळ्या केसांतून बारीक फणी ओढणं मुलीला दुखतं आणि केस मधेच तुटतो. ते आजपासून बंद करा.

केस पाणी गळेल इतके ओले असतानाच लीव्ह-इन घ्या. खांद्यापर्यंतच्या केसांना एक रुपयाच्या नाण्याएवढं क्रीम सुरुवातीला पुरे. बारीक केसांना त्याच्या निम्मं. तळहातावर चोळा, डोकं एका बाजूला झुकवा, दोन्ही तळहातांत बटेचा भाग धरून वरून खाली फिरवा. कानाच्या खालपासून टोकांपर्यंत. टाळूला लावायचं नाही. हाताखाली केस बुळबुळीत लागला की पुरेसं झालं. कोरडा भाग सापडला तर आधी त्यावर पाणी शिंपडा, मग पुन्हा क्रीम.

त्यावर जेल तसंच, आणि मग टोकं मुठीत धरून टाळूकडे दाबत न्या. पाणी हाताबाहेर टपकेल, टपकू द्या. टॉवेलने खसाखसा पुसू नका. आजीच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा याला उत्तम, त्यात केस गोळा करून दहा मिनिटं बांधून ठेवा. नंतर सोडून आपोआप वाळू द्या आणि वाळेपर्यंत हात लावू नका. वाळल्यावर जेलने केस कडक वाटतील. घाबरू नका, तळहाताला तेलाचा एक थेंब चोळून मुठीत हलके दाबा, कडकपणा मोडतो आणि वळण राहतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा क्रीम चोपडायचं नाही. फवाऱ्याच्या बाटलीत फिल्टरचं पाणी आणि चमचाभर तेच लीव्ह-इन मिसळून हलकं शिंपडा. हे पाणी रोजच्या रोज ताजं करा.

घेताना आणि तपासताना

कर्ल अप, फिक्स माय कर्ल्स, मेनटेन, अराटा अशा भारतीय कंपन्या आता कुरळ्या केसांचं सामान बनवतात आणि ते तालुक्याच्या गावीही कुरिअरने येतं. पहिल्यांदा छोटी बाटलीच मागवा. एका वेळी एकच नवी वस्तू. क्रीम आणि जेल दोन्ही एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा. लाल झालं, खाज आली तर केसांनाही नको, ती बहुधा सुगंधाची किंवा परिरक्षकाची अ‍ॅलर्जी असते. मग तीन-चार न्हाण्यांपर्यंत तेच वापरा. एका न्हाण्यावर निकाल देऊ नका.

टाळूवर पिवळट खपल्या, खूप खाज, केस गोलाकार जाणं किंवा मुठीने गळणं असेल तर लीव्ह-इनचा विचार बाजूला ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. कोंड्याच्या बुरशीला तेल आवडतं. त्या काळात टाळूला तेल आणि क्रीम दोन्ही बंद.

शाळेतल्या मुली

आईवर्गाला एक विनंती. शाळेला दोन वेण्या लागतात म्हणून कुरळे केस रोज सकाळी कोरडेच विंचरून, तेल चोपडून, कपाळ ताणेल इतके घट्ट बांधले जातात. कानशिलापाशी केस मागे हटलेल्या लहान मुली मी दुकानात पाहते, आणि वाईट वाटतं. असा ताण वर्षानुवर्षं राहिला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात. त्या मुलीला कुणी "झिपरी" म्हणू नये आणि आईने तिच्यासमोर तिच्या केसांना नावं ठेवू नयेत.

वेण्या रात्रीच घाला, दुसऱ्या दिवशी वेळ वाचतो. केसांवर पाण्याचा फवारा, वाटाण्याएवढं लीव्ह-इन क्रीम प्रत्येक भागाला, बोटांनीच गुंता सोडवायचा, मग सैल वेणी. टोकाला साधं रबर नको, कापडी रिबीन किंवा कापड गुंडाळलेलं रबर. सुगंध नसलेलं किंवा अगदी कमी असलेलं क्रीम निवडा, मुलं डोळे चोळतात. जेल शाळेच्या दिवशी लागत नाही. सकाळी वरचे भुरभुरणारे केस ओल्या तळहाताने बसवले की मुलगी तयार. रविवारी न्हाऊ घालाल तेव्हा वेण्या सोडून केस तसेच वाळू द्या, आणि त्या दिवशी ते मोकळेच राहू द्या.